घरच्या बागेतील तेरडा : एका देशी वर्षायू रानफुलाचे निसर्गवृत्त, लागवड आणि सांस्कृतिक संदर्भ

सारांश : पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, दरडींवर व शेताच्या बांधांवर आपोआप उगवणारा तेरडा हे महाराष्ट्रातील एक सर्वपरिचित रानफूल आहे. ज्येष्ठागौरींच्या सणात तेरड्याची समूळ रोपे रानातून आणण्याची प्रथा आहे. वर्षायू वनस्पतीचे पुढील वर्षीचे अस्तित्व केवळ बियांवर अवलंबून असल्यामुळे या प्रथेचा आणि वनस्पतीच्या जीवनचक्राचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात तेरड्याची शास्त्रीय ओळख, त्याच्या फुलाची व फळाची रचना, घरच्या बागेत त्याची लागवड करण्याची रीत आणि बीजसंकलनाचे प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : तेरडा, वर्षायू वनस्पती, देशी रानफुले, गौरीपूजन, बीजप्रसारण, परसबाग.

प्रस्तावना

घरच्या बागेत देशी रानफुले लावावीत, हा विचार अलीकडे शहरी भागात चांगलाच रुजू लागला आहे. विचार स्तुत्य आहे, परंतु त्यात एक धोकाही दडलेला आहे. रानात दिसणारे प्रत्येक सुंदर फूल कुंडीत जगेलच असे नाही. साताऱ्याजवळील कासच्या पठाराचा समावेश असलेल्या पश्चिम घाटास २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा प्राप्त झाल्यानंतर तेथील फुलांविषयीचे कुतूहल पुष्कळ वाढले. त्या पठारावरील ‘सीतेची आसवे’ ही निळी-जांभळी कीटकभक्षी वनस्पती जांभा खडकावरील अत्यंत पातळ, निकस आणि पावसाळाभर पाझरणाऱ्या मातीत वाढते. मातीत नसलेले पोषण ती सूक्ष्म जीवांना पकडून मिळवते. शेणखत घातलेल्या कुंडीत तिला आणणे म्हणजे तिच्या जगण्याची अटच मोडणे होय. अशा वनस्पती जेथे आहेत तेथेच पाहाव्यात. तेथील फुले तोडण्यास मनाई आहे, ती योग्यच आहे.

तेरड्याची गोष्ट वेगळी आहे. तो मुळातच माणसाच्या वावराच्या कडेकडेने राहणारा आहे. घाटातील रस्त्याच्या कापलेल्या दरडी, विहिरींचे काठ, गोठ्यामागची ओलसर जागा, बांधाची उतरती बाजू या त्याच्या आवडीच्या जागा. कोकणातील अनेक घरांच्या परसात तो कोणी न लावता दरवर्षी उगवतो. त्यामुळे रानफूल घरी आणायचेच असेल तर आरंभ तेरड्यापासून करणे सर्वांत निर्धोक ठरते. शिवाय त्याला घरी आणण्यास एक सबळ कारणही आहे, ते पुढे येईलच.

वनस्पतीची ओळख

तेरड्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना असे असून तो बाल्समिनेसी या कुलातील आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये आपल्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात त्याचे नामकरण केले. ‘इम्पेशन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अधीर’ असा होतो, आणि पक्व फळ हाताळणाऱ्यास या नावाचे समर्पकत्व तत्काळ पटते. लिनियसच्याही आधी मलबारातील डच अधिकारी हेन्द्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेल्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८–१६९३) या प्रजातीतील वनस्पती ‘ओणपू’ या मल्याळी नावाने नोंदल्या गेल्या होत्या. केरळात ओणमशी आणि महाराष्ट्रात गौरींशी याच फुलांचे नाते जडले, यामागे देवधर्मापेक्षा ऋतूचा हात अधिक आहे. पावसाच्या उत्तरार्धात डोंगरउतारांवर विपुल मिळणारे गुलाबी फूल तेच आहे.

इम्पेशन्स प्रजातीत जगभर एक हजारांहून अधिक जाती असून त्यांतील पुष्कळशा भारतात, मुख्यत्वे पश्चिम घाट, ईशान्य भारत व हिमालय येथे आढळतात. सुकवलेल्या नमुन्यात ही नाजूक फुले चुरगळून त्यांची रचनाच ओळखू येईनाशी होते. त्यामुळे हा गट वर्गीकरणाच्या दृष्टीने अत्यंत जिकिरीचा मानला जातो. विख्यात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर याने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे (मृत्यू १९११) याच प्रजातीच्या अभ्यासात घालवली. महाराष्ट्रातही तेरडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती एकाहून अधिक आहेत. कासचे पठार गुलाबी करणारा तेरडा आणि गौरीला लागणारा तेरडा हे भाऊबंद आहेत, एक नव्हेत. पठारावरील काही जाती पश्चिम घाटापुरत्याच मर्यादित आहेत. प्रस्तुत विवेचन केवळ इम्पेशन्स बाल्समिना या जातीपुरते आहे.

हे झुडूप साधारणतः एक ते तीन फूट उंच वाढते. खोड मांसल, रसदार, काहीसे पारदर्शक आणि पेरांशी फुगीर असते. प्रकाशासमोर धरल्यास आतील वाहिन्यांच्या रेषा दिसतात. पाने एकाआड एक, भाल्याच्या पात्यासारखी आणि करवती कडांची असतात. पानाच्या देठावर बारीक ग्रंथी असतात व त्यांतून गोड स्राव पाझरतो. मुंग्या तेरड्यावर सतत फिरताना दिसतात त्या या स्रावासाठी. बागकाम करणारी मंडळी त्यांना कीड समजून औषध फवारतात, ते सर्वथा अनावश्यक आहे.

फुलाची आणि फळाची रचना

तेरड्याचे फूल पानाच्या बगलेत एकेकटे किंवा दोन-तीनच्या झुपक्याने येते. त्याची मांडणी प्रथमदर्शनी गोंधळात टाकणारी असते. निदलांपैकी दोन अगदी लहान असतात. तिसरे मात्र होडीसारखे खोलगट व रंगीत असून मागे निमुळते होत वाकड्या शेपटीसारखे लांबते. ही शेपटी म्हणजे मधुरसाची नळी होय. पाकळ्या पाच असतात. त्यांतील वरची एक सुटी, तर उरलेल्या चार दोन-दोनच्या जोडीने चिकटलेल्या असतात. त्यामुळे फुलाला दोन मोठे पंख असल्याचा भास होतो. लांब सोंडेच्या माश्या आणि फुलपाखरे या पंखांवर उतरतात व नळीतील रसासाठी डोके आत घालतात. त्याच क्षणी त्यांच्या पाठीला वरच्या बाजूचे पराग लागतात.

येथे निसर्गाने एक लक्षणीय योजना केलेली आहे. पाच परागकोश एकमेकांस चिकटून स्त्रीकेसरावर टोपीसारखे बसलेले असतात. फूल उमलते तेव्हा ते केवळ पुरुष-अवस्थेत असते. पराग दिले गेले की ही टोपी गळून पडते आणि खालचा स्त्रीकेसर उघडा होतो. मग ते फूल स्त्री-अवस्थेत जाते. एकाच फुलातील पराग त्याच फुलातील स्त्रीकेसरावर पडणे त्यामुळे टळते. मात्र एका झाडावर एकाच वेळी दोन्ही अवस्थांतील फुले असल्याने शेजारच्या फुलाचे पराग मिळण्यास अडचण येत नाही. बागेत एकच रोप असले तरी बी धरते, ते यामुळेच.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वश्रुत आहे. नव्याची नवलाई ओसरली की ती हमखास वापरली जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही म्हण एका फुलापुरती खरी आहे, झाडापुरती नव्हे. एकेक फूल थोड्याच दिवसांत गळते हे खरे. परंतु खालच्या बगलेतील फुले फळांत रूपांतरित होत असताना वरच्या बगलांत नव्या कळ्या येतच राहतात, आणि ओलावा टिकला तर झाड महिना-दीड महिना फुलत राहते. गौरींचा मुक्कामही आवाहन, पूजन व विसर्जन असा तीनच दिवसांचा असतो. उपटून आणलेला तेरडा तेवढ्या अवधीत माना टाकतो. लोकांच्या डोळ्यांपुढे असणारा तेरडा बहुधा हा उपटलेला तेरडा असावा, आणि म्हणीतील बदनामी त्याच्या वाट्याला त्यातूनच आली असावी.

फळ हे लवयुक्त, दोन्ही टोकांस निमुळते असे बोंड असते. त्याच्या भिंतीच्या पाच पाकळ्या शिवणीने जोडल्याप्रमाणे एकत्र आलेल्या असतात. फळ पक्व होताना या भिंतीतील पेशी पाण्याने ताठ भरतात व त्यांत ताण साठत जातो. शिवण मात्र कमकुवत होत जाते. वाऱ्याचा झोत, पावसाचा थेंब किंवा बोटाचा हलका स्पर्श एवढेही निमित्त पुरते. सेकंदाच्या लहानशा अंशात पाचही पाकळ्या आतल्या बाजूस गुंडाळल्या जातात आणि काळसर तपकिरी, गोल बिया काही फुटांपर्यंत उधळल्या जातात. खेड्यापाड्यांतील मुलांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळलेला आहे.

गौरीचा सण आणि बियांचा हिशेब

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. गौरींचे प्रकार घराण्यांनुसार व प्रांतांनुसार भिन्न आहेत. कोठे खड्यांची गौर असते, कोठे उभ्या मुखवट्यांची, तर कोकणात व अन्यत्रही अनेक घरी तेरड्याची गौर असते. पाणवठ्यावरून तेरड्याची समूळ रोपे आणून त्यांची जुडी बांधतात, तिला साडी नेसवून मुखवटा बसवतात. मुळे ही गौरीची पावले मानली जात असल्याने रोप मुळासकटच हवे असते. शहरांत हा तेरडा विकत घ्यावा लागतो. मुंबईत दादरच्या फुलबाजारात सणाच्या आदल्या दिवसांत त्याच्या जुड्यांचे ढीग लागतात.

आता याच गोष्टीकडे झाडाच्या बाजूने पाहिले पाहिजे. बहुवर्षायू वनस्पतीची फुले वा फांद्या तोडल्या तरी मूळ शिल्लक राहते. वर्षायू वनस्पतीचे सर्व भांडवल तिच्या बियांत असते. बी पडण्यापूर्वी ती उपटली गेली तर तिचा वंश त्या जागी तेथेच थांबतो. तेरडा ही काही दुर्मीळ वनस्पती नव्हे आणि घाटमाथ्यावरील विस्तीर्ण उतारांवर दोन-चार जुड्यांनी काहीही बिघडत नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. प्रश्न आहे तो शहरांच्या व मोठ्या गावांच्या जवळच्या, रस्त्यालगतच्या, सहज हाती लागणाऱ्या जागांचा. तेथे एक संपूर्ण पट्टा एकाच सकाळी रिकामा होऊ शकतो. बी काही फुटांच्या पलीकडे उडत नसल्यामुळे असा पट्टा पुन्हा भरून येतो तो केवळ कडेला उरलेल्या झाडांकडून. पावसाचे वाहते पाणी काही बी उताराच्या खालच्या बाजूस नेते, परंतु वरच्या बाजूस ते जाण्याचा मार्ग नसतो. म्हणून एकदा उघडा झालेला दरडीचा वरचा भाग बराच काळ उघडाच राहण्याचा संभव असतो.

यात पंचांगाचाही वाटा आहे. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आली, तर २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. गौरी त्यापाठोपाठ येतात. म्हणजे सणाच्या तारखेत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडू शकते. झाड मात्र पंचांग पाहत नाही. ते जूनच्या पावसाबरोबर उगवते. सण उशिरा आलेल्या वर्षी उपटल्या जाणाऱ्या झाडांची खालची बोंडे आधीच फुटून गेलेली असतात. सण लवकर आलेल्या वर्षी झाडे नुकतीच फुलू लागलेली असतात आणि त्यांचे जवळजवळ सर्व बी त्यांच्याबरोबरच विसर्जित होते. त्यामुळे एकाच प्रथेचा परिणाम सर्व वर्षी सारखा होत नाही.

प्रथा मोडावी असे सुचविण्याचा येथे उद्देश नाही. प्रथेने मागितलेली वस्तू घरच्या अंगणात तयार करता येते, एवढाच मुद्दा आहे. ज्या घरी तेरड्याची गौर बसते त्या घरी तेरड्याची चार हात वाफ असणे अशक्य नाही, आणि सदनिकेत राहणाऱ्यांसाठी आठ-दहा रोपांच्या दोन मोठ्या कुंड्या पुरतात.

बी कोठून आणावे

लागवडीतील पहिली अडचण खताची वा पाण्याची नसून बियाण्याची आहे. रोपवाटिकेत ‘तेरडा’ मागितला असता तीन वेगळ्या गोष्टी हातात पडू शकतात. पहिली म्हणजे ‘इम्पेशन्स’ याच नावाने विकली जाणारी, सपाट पसरट फुलांची पूर्व आफ्रिकेतील जात, इम्पेशन्स वालेरियाना. दुसरी न्यू गिनीकडील जाड पानांची जात. या दोन्ही शोभेच्या म्हणून उत्तम असतील, परंतु तो तेरडा नव्हे. तिसरी गोष्ट म्हणजे खरोखरीच इम्पेशन्स बाल्समिना, पण गुलाबासारख्या भरगच्च, दुहेरी फुलांची बागायती वाणे. तेरडा सोळाव्या शतकातच युरोपातील बागांत पोहोचला होता आणि चीन, जपान व युरोप येथील माळ्यांनी निवड करून त्याची अनेक रूपे घडवली. दुहेरी फुलात परागकोशांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते आणि कीटकांची मधाच्या नळीकडे जाणारी वाट गर्दीत हरवते. फुलदाणीच्या दृष्टीने हा लाभ असला तरी माशीच्या दृष्टीने ते फूल बंद दुकानासारखे असते. देशी फूल लावण्यामागे देशी कीटकांना आधार देण्याचा हेतू असेल, तर एकेरी फुलाचा रानटी तेरडाच निवडला पाहिजे.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. बागायती वाण व रानटी तेरडा ही एकच जात असल्यामुळे त्यांचा परस्पर संकर होऊ शकतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर यास फारसे महत्त्व नाही. परंतु महाबळेश्वर, आंबोली किंवा चिपळूण परिसरात, जेथे कुंपणापलीकडे रानातला तेरडा उभा आहे, तेथे दुहेरी वाणे लावणे टाळावे आणि परिसरातीलच बी वापरावे, हे अधिक सुज्ञपणाचे होईल.

रानातून रोपे उपटून आणू नयेत. मांसल खोड प्रवासातच मोडते आणि फुलावर आलेले रोप सहसा तग धरत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत रस्त्याकडेच्या दाट ताटव्यातून, निरनिराळ्या झाडांवरील आठ-दहा बोंडे घ्यावीत. घरगुती लागवडीस तेवढी पुष्कळ होतात. राखीव वनक्षेत्र आणि कासचे पठार यांसारख्या संरक्षित जागी तेवढेही करू नये. बोंड पूर्ण फुगून फिकट, किंचित पिवळसर झाले की ते तयार झाले असे समजावे. तोडताना त्याला सर्व बाजूंनी मुठीत घ्यावे, म्हणजे ते मुठीतच फुटते. अंगणातील झाडावरील बोंडाला मलमलीची लहान सैल पिशवी बांधून ठेवणे हा त्याहून सोपा उपाय होय.

पेरणी व निगा

तेरड्याची पेरणी मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात करावी. बी अगदी वरचेवर पेरून त्यावर जेमतेम झाकले जाईल एवढीच चाळलेली माती पसरावी. खोल गेलेले बी वाया जाते. ओलावा राहिल्यास एक ते दोन आठवड्यांत गोलसर, जाड दलांची रोपे वर येतात. गौरीसाठी तेरडा हवा असेल तर एकाच वेळी सर्व बी न पेरता दोन आठवड्यांच्या अंतराने दोन हप्त्यांत पेरावे. पेरणीपासून फुले येईपर्यंत साधारण दोन ते अडीच महिने लागतात. सण लवकर असलेल्या वर्षी पहिला हप्ता उपयोगी पडतो, उशिरा असलेल्या वर्षी दुसरा.

माती निचऱ्याची हवी. धो-धो पावसाच्या प्रदेशात वाढणाऱ्या वनस्पतीला निचरा कशासाठी, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तेरड्याच्या रानातील जागेत आहे. तो उतारावर आणि दरडीवर वाढतो; तेथे पाणी सतत येते पण साचत नाही. सपाट वाफ्यात पाणी तुंबले की त्याचे मांसल खोड जमिनीलगत कुजते आणि कालपर्यंत टवटवीत असलेले रोप आज आडवे पडलेले दिसते. म्हणून कोकणात वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा किंवा बांधाच्या उताराचा उपयोग करावा. कुंडीसाठी लाल माती, जाडसर वाळू आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचे मिश्रण चालते. खताचा हात आखडता ठेवलेलाच बरा. नत्र अधिक झाल्यास झाड पानांनी माजते, खोड पोकळ व ठिसूळ होते आणि पहिल्या वाऱ्यात मोडते.

देशावर, त्यातही मराठवाडा व विदर्भात, प्रश्न याच्या उलट असतो. पावसाने ओढ दिली की तेरडा सर्वांत आधी माना टाकतो. त्याच्या पातळ पानांतून पाणी झपाट्याने उडते. दुपारच्या उन्हात कोमेजलेले झाड सायंकाळी आपोआप ताठ होत असेल तर चिंता नको; सकाळीही ते मलूल दिसले तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. अशा भागात सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी पूर्वेकडील जागा निवडावी. पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते. रोपे चार-सहा पानांची झाली की त्यांच्यात वीतभर अंतर राहील अशा प्रकारे विरळणी करावी. हे काम हातून होत नाही, कारण जोमाने उगवलेली रोपे उपटणे जिवावर येते. पण दाटीत वाढलेला तेरडा काडीसारखा होतो व त्यावर भुरी लवकर पडते. पानांवर पांढरी भुकटी दिसताच ती पाने काढून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. शेपटीवर शिंगासारखा काटा असलेली जाडजूड अळी कधीकधी पाने फस्त करताना आढळते. ती हॉक मॉथ या पतंगाची अळी होय. रोपे विपुल असतील तर तिला एखादे झाड देऊन टाकण्यास हरकत नसावी. देशी झाड लावल्यावर देशी अळी येणारच.

शहरी बागेत एक वेगळीच अडचण संभवते. तेरडा ही दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देणारी वनस्पती असून दिवस लहान होऊ लागले की ती फुलोऱ्याकडे वळते. नंदा आणि कृष्णमूर्ती या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले, की लहान दिवसांत कळी धरू लागलेले तेरड्याचे रोप पुन्हा लांब दिवसांत ठेवले असता कळी फुलण्याऐवजी पालेदार वाढीकडे परत फिरू शकते. पुढे युरोपातील संशोधकांनीही फुलोऱ्याच्या अभ्यासासाठी तेरड्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. महाराष्ट्रात जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस तो बारा तासांवर येतो. रानातल्या तेरड्याला ही सूचना पुरते. परंतु ज्या गच्चीवर रात्रभर रस्त्यावरील दिव्याचा प्रखर उजेड पडतो तेथे झाडाच्या लेखी रात्र नीट होतच नाही, आणि फुले लांबणीवर पडू शकतात. बागायती वाणांत हे बंधन पुष्कळ सैल झालेले असते. रानटी बियाण्याच्या बाबतीत मात्र कुंडीची जागा रात्री जाऊन पाहून ठरवणे इष्ट.

उपयोग आणि खबरदारी

कोरियात तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर वाटून नखे रंगविण्याची जुनी परंपरा आहे. हिंदीत तेरड्यास ‘गुलमेहंदी’ म्हणतात, तेही निरर्थक नव्हे. मेंदीला रंग देणारे लॉसोन हे द्रव्य तेरड्यातही आढळले आहे. मात्र याच्या खोडापानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यामुळे तो खाण्याचे प्रयोग करू नयेत व लहान मुले आणि पाळीव जनावरे यांच्याकडे लक्ष ठेवावे.

देशी हा शब्द स्थळसापेक्ष आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. हिमालयातील तेरडा, इम्पेशन्स ग्लँडुलिफेरा, १८३९ मध्ये शोभेसाठी ब्रिटनमध्ये नेला गेला. त्याच उडणाऱ्या बियांच्या बळावर तो नद्यांच्या काठांनी इतका पसरला की स्थानिक वनस्पतींना जागा उरेना, आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाने त्याचा समावेश उपद्रवी परकीय जातींच्या यादीत केला. आपला तेरडाही पॅसिफिक महासागरातील काही बेटांवर बागेबाहेर पसरलेला आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी गौरीसाठी तो लावताना तो कुंडीतच राहील आणि फळे फुटण्यापूर्वी काढली जातील, याची काळजी घ्यावी. शिवाय बी परदेशी नेण्यावर त्या-त्या देशांचे निर्बंध असतात, ते आधी पाहून घ्यावेत.

पुढील वर्षाची तजवीज

अंगणातील ताटव्यातून गौरीसाठी रोपे काढताना सर्वांत सुदृढ अशी चार-पाच झाडे मागे ठेवावीत. सुदृढ झाडेच जुडीत जातात आणि खुरटी बीजासाठी राहतात, असे सामान्यतः घडते. दहा वर्षे असे केल्यास ताटवा खुरटत जाण्याचा संभव आहे. मागे ठेवलेल्या झाडांचे काही बी जागच्या जागी पडू द्यावे. पावसाळा संपल्यावर झाडे वाळून गेली की ती उपटून तेथेच आच्छादन म्हणून पसरावीत आणि ती जागा पुढच्या मृगापर्यंत खोल खणू नये, अन्यथा वरच्या थरातील बी खाली गाडले जाते. गोळा केलेले बी दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेला थोडासा दमटपणाही बुरशीस पुरेसा होतो. पाकिटावर वर्ष, जागा आणि फुलाचा रंग लिहावा. शेजारी बी मागू लागतात ते बहुधा मे महिन्यात, आणि तोवर कोणते पाकीट घाटातले आणि कोणते अंगणातले हे लक्षात राहिलेले नसते.